भोपळ्याचं माप

वेलावर भोपळा नव्हता. हातात शिवणाची टेप घेऊन सुवार्ता परसात तशीच उभी राहिली. लेकीला शाळेत न घालता ती घरीच शिकवत होती. चाळीस दिवस रोज सकाळी भोपळ्याचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा, हा त्यांचा विज्ञानाचा धडा होता. आज अडतिसावा दिवस.

"मी तो चर्चमध्ये नेऊन दिला," नऊ वर्षांची लेक म्हणाली. "आज हंगामाचा सण आहे ना? पहिलं फळ देवाचं, असं तूच शिकवलंस."

"अगं, मला विचारायचंस तरी! शेवटच्या तीन दिवसांसाठी सगळ्या तक्त्याचा विचका केलास."

उपासना संपली तेव्हा वेदीपुढे धान्याची पोती होती, केळीचे घड होते आणि त्यांच्यामध्ये तो ओळखीचा भोपळा. निदान आजचं माप तरी मिळेल, म्हणून सुवार्तानं पर्समधून हळूच टेप काढली आणि ती खाली वाकली.

लेकीनं तिचा हात धरला. "आई, देवाला दिलेलं मोजायचं नसतं."

सुवार्तानं टेप गुंडाळली. हे तिनं कधीच शिकवलं नव्हतं.