अनुमोदन

घंटीकडे गेलेला हात अध्यक्षांनी मागे घेतला. सचिवाचे दार अर्धवट लोटलेले होते आणि आतून त्याचा आवाज येत होता. फोनवरचा, दबलेला, एरवी जिन्यात घुमणाऱ्या त्याच्या हसण्याशी कसलेच नाते न सांगणारा.

"हो, हो, स्पष्ट आहे. ठराव समर्थित नाही."

अध्यक्ष जागच्या जागी थिजले. इमारतीच्या आजच्या सभेपुढे ठराव एकच होता: तळमजल्यावरची रिकामी खोली त्यांच्या विधवा धाकट्या बहिणीला राहायला द्यावी. नवरा गेल्यापासून ती त्यांच्या बैठकीच्या खोलीत, शिवणयंत्र आणि आपला जुना टीव्ही यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, संसाराची घडी घालून राहत होती. ठराव अध्यक्ष मांडणार, अनुमोदन सचिव देणार. अनुमोदनाला कोणीच उभे राहिले नाही, तर ठराव तिथेच पडणार. सचिवाने शब्द दिला होता.

"जुना झालाय हो तो," आतला आवाज म्हणाला. "त्याला आता एवढं झेपत नाही... म्हणजे खालच्या पातळीवर उतरावं लागेल म्हणता? बरं. उतरू, दुसरा इलाजच नसेल तर... छे, छे, अध्यक्षांना काहीच कल्पना नाही. सभेनंतरच कळू दे."

तो. त्याला. इतकी वर्षे तोंडावर 'अध्यक्ष, तुम्ही' म्हणणारा माणूस पाठीमागे एकेरीवर आला होता. आणि ते 'समर्थित'! असा छापील शब्द सचिवाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. कोणीतरी तो त्याच्या तोंडी घातला होता.

त्यांनी घंटी दाबली. सचिवाने दार उघडले ते एका हाताने, दुसरा पाठीमागे.

"अरे, अध्यक्ष! तुम्ही कसे काय?"

"सहज. संध्याकाळचं ठरलंय ते ठरलंय ना?"

"म्हणजे काय! शब्द म्हणजे शब्द." तो हसला, जरा जास्तच मोठ्याने. पाठीमागच्या मुठीतून काळ्या वायरीचे एक टोक शेपटीसारखे लोंबत होते.

"ते काय?"

"काही नाही हो, अडगळ आवरतोय. बायको नाही ना घरी."

बायको माहेरी आईच्या सेवेला गेली आहे, असे सारी इमारत समजत होती. ती परत येणार नाही, हे एकट्या अध्यक्षांना ठाऊक होते. गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, सचिवाने त्यांना ते सांगितले होते आणि लहान मुलासारखा रडला होता.

घरी बहीण दोरा ओवत बसली होती. "दादा, तुझे हे सचिव विचित्रच आहेत हं. परवा येऊन माझ्या टीव्हीची पाठ बघून गेले. म्हणे, एचडीएमआयचं चपटं भोक आहे का, टीव्ही कधी घेतला. पोलीस परवडले!"

"विचारलं नाहीस, कशाला हवंय म्हणून?"

"विचारलं की. म्हणाले, कळेल."

कळेल. म्हणजे सामानाची मोजदाद चालली होती. खोली हिच्या पसाऱ्याला पुरायची नाही, असा मुद्दा सभेत निघणार होता. संशय भिंतीतल्या ओलीसारखा असतो. अध्यक्षांच्या मनातल्या एकूण एक खोलीला दुपारभरात पोपडे धरले.

सभा वाहनतळात भरली. अध्यक्षांनी ठराव मांडला. मग सचिव उभा राहिला, त्याने घसा साफ केला. "अध्यक्षांच्या या ठरावाबाबत मला एवढंच..."

"बसा!" अध्यक्ष गरजले. पहिला घाव त्याला घालू द्यायचा नव्हता. "दुसऱ्याचं बिऱ्हाड अडवायला निघालेल्याने आधी स्वतःचं घर बघावं. याची बायको माहेरी नाही. टाकून गेलीय ती याला! विचारा त्याला, खोटं आहे का."

एकेरीची परतफेड झाली होती.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा वारा घेणारा हात थांबला. सचिवाने चष्मा काढला, पुसला नाही, तसाच पुन्हा चढवला.

"ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," तो म्हणाला आणि खुर्च्यांमधून वाट काढत जिन्याकडे निघून गेला.

"अनुमोदन कोणाचं?" खजिनदारांनी विचारले. कोणीही मान वर केली नाही. ठराव पडला.

"का रे दादा असं बोललास?" घरात पाऊल टाकताच बहिणीने विचारले.

"तुला नाही कळायचं. तो उलटणार होता. या कानांनी ऐकलंय मी."

तिने शिवणयंत्राखालून एक लहानसे खोके ओढून काढले. "तू खाली खुर्च्या मांडत होतास तेव्हा देऊन गेले. सभेनंतर नव्या खोलीत लावू म्हणाले, घरबसल्या सिनेमे बघता येतील. अध्यक्षांना आधी सांगू नका, त्यांचीही गंमत करू, म्हणाले."

खोक्यावर ठसठशीत 'फोर-के रेझोल्यूशन' छापलेले होते. आत तळहाताएवढा काळा डबा आणि दोऱ्याने नीट बांधलेली काळी वायर.

"आता कोणत्या तोंडाने ठेवून घेऊ?" ती म्हणाली. "परत करायचा, पण चालू आहे ना बघून. नाहीतर मोडून पाठवला म्हणायला नको."

तिने वायरीचे चपटे टोक टीव्हीच्या पाठीत खुपसले. पडदा निळा झाला. 'भाषा: मराठी' अशी अक्षरे आली आणि गेली, ती निवड सचिवाने आधीच, आपल्या तशाच जुन्या टीव्हीवर लावून बघताना, तिच्यासाठी करून ठेवली होती. मग उमटले: 'बंदर १ सापडले.'

"बंदर? कसलं बंदर?" अध्यक्षांनी विचारले.

"ते मागचं भोक रे, पोर्ट. यंत्राचं मराठी आहे, इंग्रजी शब्द दिसला की पहिला सापडेल तो अर्थ चिकटवतं."

पडदा एकदा काळा झाला. मग त्यावर पांढरी, ठळक, छापील अक्षरे स्थिर झाली:

'हा ठराव समर्थित नाही. कृपया खालच्या पातळीवर उतरा.'