उंची विचारून सांगा

"आधी गाडीची उंची सांगा," दुकानदार म्हणाला. "नुसतं मोठी जीप आहे म्हणून जॅक देता येत नाही."

सासरे काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. सून त्यांच्या मागे, टायरांची चळत आणि तेलाचे डबे यांच्यामध्ये अंग चोरून उभी होती. दुकान इतकं चिंचोळं, की बाहेर पडायचं तर आधी मागच्या दोन गिऱ्हाइकांना बाहेर काढावं लागलं असतं.

जीप सासऱ्यांच्या मुलाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची होती. जिथे रस्ता नाही तिथे न्यायची म्हणून त्याने हौसेने तिला मोठे टायर बसवले होते. मग तो परदेशी गेला आणि जीप अंगणात उभी राहिली. आता तिचे एका बाजूचे टायर पार बसले होते. घरातला जुना जॅक तिच्या पोटापर्यंतही पोचत नव्हता. "तो आला की गाडी तयार हवी," म्हणून सासरे सुनेला सुट्टीच्या दिवशी इथे घेऊन आले होते.

तो येणार नव्हता. सुनेला ते पक्कं ठाऊक होतं. "माझं इथे दुसरं घर झालंय," शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता. "बाबांना तूच सांग, तुला जमेल तसं." त्यानंतर त्याचा नंबर बंद झाला. ती सांगायला म्हणून अंगणात गेली, तर सासरे जीपची काच पुसत होते. तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. उद्या सांगू, असं म्हणता म्हणता ती स्वयंपाकघरात कानाला फोन लावून मोठ्याने बोलायला लागली. जेवलास का, थंडी आहे का, बाबा बरे आहेत. ती कामाला होती त्या प्रयोगशाळेने तिला दुसऱ्या गावी वरच्या जागेवर बोलावलं, तेही तिने नाकारलं. म्हाताऱ्याला या आशेसकट एकटं कसं टाकायचं?

राग यायचा तो एका गोष्टीचा. ती कामावर असताना त्याचे फोन सासऱ्यांना मात्र यायचे. "दुपारी केला होता गं त्याने. तुझी चौकशी करत होता," असं ते संध्याकाळी सांगायचे. बायकोला टाकलं ते टाकलं, वर बापाला गोड बोलून झुलवत ठेवायचं. ती ओठ मिटून भाजी चिरत राहायची.

दुकानदाराने दोन जॅक पुढे मांडले. एक बुटका, बाटलीसारखा. दुसरा छातीपर्यंत येणारा, लांब दांड्याचा. "हा बुटका भक्कम, पण गाडी उंच केली असेल तर खालीच राहील. हा लांबडा पोचेल, पण नीट धरला नाही तर घसरेल. स्प्रिंगा बदलून किती उंच केलीय ते कळायला हवं. मुलाला फोन लावा की. दोन मिनिटांचं काम."

"तिकडे आत्ता रात्र असेल," सून घाईने म्हणाली.

"कुठे आहेत ते?"

सासऱ्यांनी देशाचं नाव सांगितलं.

"रात्र कसली? माझा भाचा तिकडेच असतो. आत्ताच बोललो त्याच्याशी. चहा पीत होता."

मागचं गिऱ्हाईक हसलं. सून तेलाच्या डब्यांवरची नावं वाचायला लागली.

"तूच लाव," सासरे म्हणाले. "तुझं रोज बोलणं होतं."

"नको, बाबा. गाडीचं मला काय कळतंय? तुम्हीच विचारा. तुम्हाला सांगेल तो नीट."

"अगं, तुझा फोन तो लगेच उचलतो."

"आणि तुम्हाला तर आपणहून करतो."

"कुणीतरी लावा हो," मागचं गिऱ्हाईक म्हणालं. "आम्हालाही घरं आहेत."

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. क्षणभर हातात धरला आणि कानाला लावला. सून अगदी शेजारी होती. त्यांनी एकही बटण दाबलं नव्हतं.

"हां, बोल रे," सासरे म्हणाले. "जेवलास का? ... बरं, मला एक सांग. जीप किती उंच केली होतीस? ... अस्सं."

ती बघत राहिली. समोरच्याला बोलायला लागेल तेवढा वेळ थांबायचं, मधेच हुंकार द्यायचा, हसायचं ते जरा उशिराने. हे सगळं तिच्या ओळखीचं होतं. सासरे मात्र थोडे लवकरच हसले.

"चार बोटं म्हणतोय," त्यांनी दुकानदाराला सांगितलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

"मग हा लांबडाच," म्हणून दुकानदार त्याचा दांडा आणायला आत वळला.

दुपारी आलेला एकेक फोन तिला आठवला. तुझी चौकशी करत होता. तब्येतीला जप म्हणाला. ती सासऱ्यांच्या जवळ सरकली.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "स्वयंपाकघरात मीही असंच बोलते."

फोन कानालाच राहिला. सासऱ्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

दुकानदार दांडा घेऊन बाहेर आला. "पोरगं खूश होईल बघा. बांधून देऊ?"

"नको," सासरे म्हणाले. "जीप आहे तशी विकून टाकतो."

आणि मग, सुनेकडे बघत, कानाशी धरलेल्या त्या मुक्या फोनमध्ये ते म्हणाले, "ठेवतो रे आता."