सभासदांची जन्मतारीख

रोह्यात डेटा मायनिंग करणाऱ्यांची संस्था काढायची म्हणून सुश्रुतने पेण-धाटावची मंडळी घरी जमवली. लोकांची खडान्‌खडा माहिती उकरून पोट भरणारी ही माणसं. पण ईरा लॅपटॉप उघडून सभासदांची जन्मतारीख विचारू लागली, तशी सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली.

"एक जानेवारी," मनाली म्हणाली.

"माझीपण तीच," सुशील म्हणाला. मग पुढच्या सगळ्यांचीच तीच.

सुश्रुत भडकला. "अरे, आपल्याच संस्थेला थापा मारता? एकमेकांवर एवढापण भरवसा नाय?"

"बरं, अध्यक्षांची सांगा," ईरा म्हणाली.

सुश्रुत घुटमळला. "लिही… एक जानेवारी."

पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली आई दारातच थबकली. "काहीतरीच काय! तू झालास तेव्हा घरात गौरी बसल्या होत्या ना रे?"