मशीनला लागलेली सवय

उपग्रहाच्या फोटोंत जंगल कुठे तुटलंय, ते मशीनला ओळखायला शिकवणं हे माझं काम. बाबा त्याच जंगलाचे राखणदार होते. वनखात्यातल्या आमच्या साहेबांच्या मेहुण्याने झाडं तोडून अख्खा उतार बोडका केला, तेव्हा बाबांनी तक्रार लिहून दिली. माझ्या पडद्यावर त्याच उताराचा फोटो होता. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"इथे 'ढगाची सावली' लिही. असं दिसेल तिथे तेच लिहायचं. मशीनलाही सवय लागू दे."

त्याच नोंदीवर बोट ठेवून त्यांनी बाबांना खोटारडं ठरवलं आणि घरी बसवलं. मी दातओठ खात दोन वर्षं साहेबांचा हुकूम तंतोतंत पाळला.

आज साहेब घामाघूम होऊन आले. जंगलाला लागून असलेली त्यांची स्वतःची सागाची बाग कुणीतरी रातोरात कापून नेली होती.

"अगं, पोलिसांना पुरावा हवाय. मशीनचा रिपोर्ट काढ लवकर!"

मी काढला. बाबांना फोन लावून स्पीकर सुरू केला आणि प्रिंटरमधला कोमट कागद साहेबांच्या हातात ठेवला.

"वाचा ना साहेब, जरा मोठ्याने."



"झाडं तोडलेली नाहीत. ढगाची सावली आहे."