बाळाचं पाणी

शहराच्या पाण्यात नायट्रेट वाढलं आणि आम्हा पाणी खात्यातल्या बायकांची दारोदार वणवण सुरू झाली. पाणी उकळलं तरी ते जात नाही, तान्ह्या मुलाला तर नळाचं देऊच नका, हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचं. ज्या घरात बाळ, त्या घरी रोज चांगल्या पाण्याचा एक कॅन.

वरच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडताच मी विचारलं, "घरात बाळ आहे का?"

"आहे ना!" आजींचा चेहरा असा खुलला, की मी पुढे काही विचारलंच नाही.

दोन आठवड्यांनी पुढच्या फेरीला गेले, तर खोलीभर कॅन. एकाचंही सील तुटलेलं नाही, आणि आजी आपल्या नळाला पेला लावून उभ्या.

"अहो आजी, कॅन उघडलेच नाहीत?"

"बाळाचं पाणी ना ते? मी कशी पिऊ?"

मी घाईने आतल्या खोलीत डोकावले. "म्हणजे बाळही नळाचंच पितंय? कुठाय ते?"

कपाटावरच्या फोटोतल्या, टक्कल पडलेल्या माणसाकडे पाहत आजींनी ओठांवर बोट ठेवलं.

 

"हळू बोल गं. बाळ झोपला असेल. तिकडे आता रात्र आहे."