तंटामुक्तीचा अध्यक्ष

येडगावच्या ग्रामसभेत तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षासाठी हात मोजले, आणि गोरख एका हातानं पडला. खुर्ची लाथेनं उडवून तो बायकांच्या बाजूला गरजला, "माझ्याच बायकूनं हात वर केला न्हाई! सांग की समद्यांना, काय खोट हाय माझ्यात?"

त्याची बायको साधना उभी राहिली. डाव्या कडेवरची हर्षाली बापाचा आवाज ऐकूनच तिला बिलगली. लेकीला तसंच घट्ट धरून साधनानं उजव्या खांद्यावरचा पदर दातांनी ओढून बाजूला केला. खांद्यापासून कोपरापर्यंत हात काळानिळा पडला होता.

 

"वर करणारच व्हते वो. पण परवा तुमी काठी घातलीत, तवापासनं त्यो वर व्हतच न्हाई."