दहा माणसांचं चर्च

लॅपटॉपवर जागा उरली नव्हती. फिडेल्माने फायली आकाराप्रमाणे लावल्या, सर्वांत मोठी सर्वांत वर, आणि पडदा अंत्यविधींनी भरून गेला.

सत्तावीस निघाले. कोरोनात चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती, तेव्हा आतला कॅमेरा बाकीच्यांना घरबसल्या सगळं दाखवायचा. ज्यांच्या मातीला जाता आलं नाही, त्या प्रत्येकाचा विधी आईने उतरवून ठेवला होता.

उद्या मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून तो चित्रित करण्याचं काम आईचं. तिला शहात्तरावं लागलं होतं आणि हे काम दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा तिचा विचार नव्हता. तिला चाळीस जीबी हवे होते. ती शेजारी बसून कॅमेऱ्याची काच पुसत होती आणि निकाल देत होती.

ब्रिजी डिलनचं काढ म्हणाली, कारण पाद्रीबाबा प्रवचनभर दुसऱ्याच ब्रिजीचे गुण सांगत राहिले होते. पाद्री कॅनन फ्लॅटलीचं काढ, तो स्वर्गात पोचला असेल तर त्याला आपल्या लॅपटॉपची गरज नाही. मार्टी रुएनच्या फायलीपाशी फिडेल्मा जरा थांबली. मार्टीने तिला सायकल शिकवली होती.

"पूस," आई म्हणाली. "जन्मात कधी वेळेवर आला नाही. शवपेटीसुद्धा वीस मिनिटं उशिरा आली. वीस मिनिटं नुसती भिंत दिसते."

फिडेल्माला हसू आलं. तिने मार्टीला पुसलं. पुढच्या फायलीचं नाव होतं 'मॅलकी'. ती ओलांडून तिने त्याखालची निवडली.

"मधली एक राहिली."

"ती बाबांची आहे."

"मला वाचता येतं."

फिडेल्माने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि लॅपटॉपला जोडला. चर्चच्या संकेतस्थळावरून ते चित्रण केव्हाच काढून टाकलं होतं. मेलबर्नच्या घरी ते तिने एकदाच पाहिलं होतं, विमानं बंद होती तेव्हा, स्वयंपाकघरात उभ्याने. पुढच्या बाकांवर दहा माणसं, दूरदूर बसलेली. त्यांच्यामागे दारापर्यंत रिकामी बाकं. गावातल्या कुणाचीही माती न चुकवणारा माणूस असा गेला, हे तिने चार वर्षं मनात ठेवलं होतं.

तिने फाइल पेन ड्राइव्हवर टाकली. नऊ मिनिटं लागतील, असं लॅपटॉपने सांगितलं.

"घे, हवं तर," आई म्हणाली. "पण मग तुझ्या लक्षात तेच राहील."

"दुसरं काय आहे लक्षात ठेवायला? कुणी नव्हतंच आई, बाबांना पोचवायला."

आईने काच पुसायची थांबवली.

"कॅमेरा आत होता, बाळ."

मग तिने सांगितलं. आपल्या फाटकापासून सुरुवात केली आणि घाई केली नाही. शववाहिनी पायी चालण्याच्या वेगाने निघाली होती आणि ती मागच्या मोटारीत काच खाली करून बसली होती. पहिल्या फाटकात डिलनांचं सगळं घर, रविवारचे कपडे घालून, वाळत टाकल्यासारखं अंतराअंतरावर. मग शाळेची बस, आत एकही पोर नाही, दिवे लावून कडेला थांबलेली, आणि दारात चालक टोपी काढून उभा. अळिंब्यांच्या शेडवरची पोलिश मुलं एका रांगेत. त्यांतल्या दोघांनाच बाबांचं नाव माहीत होतं, बाकीचे त्या दोघांसाठी आले होते. पुलावर नर्स कॅवाना, रात्रपाळीहून परस्पर आलेली. चर्चपर्यंत साडेतीन मैल, आणि एक फाटक रिकामं नाही. आईने नावं क्रमाने घेतली, डावीकडची आणि उजवीकडची.

सहा मिनिटं उरली होती.

फिडेल्माने विचारलं, हे तेव्हाच फोनवर का नाही सांगितलंस.

"चर्चमध्ये किती जण होते, एवढंच विचारलंस. मी दहा म्हणाले."

तिने पुन्हा कॅमेरा उचलला आणि काच उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाली की वळणावर फेस्टस कनीनही होता.

फिडेल्माने मान वर केली. फेस्टसच्या आणि बाबांच्या शेतांमध्ये पाण्याचा एक चर होता. तो कुणी उपसायचा यावरून दोघांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. गावच्या दुकानात एक आत असला तर दुसरा बाहेर पावसात थांबायचा.

"तो कशाला येईल?"

"मलाही तसंच वाटलं होतं." वळणावर रस्ता अरुंद, आई सांगत होती, आणि कडेची सगळी जागा त्याच्या बायकोच्या माहेरच्यांनी धरलेली. दोन मीटरचं अंतर राखायचं तर उभं राहायला जागाच नाही. "मग उतरला चरात. त्याच चरात. पेटी पुढे जाईपर्यंत मान खाली घालून उभा."

पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. फिडेल्माने 'रद्द करा' दाबलं आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला. मग यादीतली फाइल निवडून पुसून टाकली. लॅपटॉपने विचारलं, नक्की का? तिने हो म्हटलं. मग तिने आईला विचारलं, चरात तेव्हा पाणी होतं का.

"गुडघ्यापर्यंत," आई म्हणाली. "आणि पायात चांगले बूट."